मी नसबंदी करून घेतली, त्याविषयी

गेल्या वर्षी भात झोडून झाले, पेंढ्याची उडवी रचून झाली आणि आंब्याच्या फवारणीला अजून थोडा अवकाश होता, अशा मधल्या दिवसांत मी पुरुष नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली. वेळ जाणूनबुजून निवडली होती. शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर झाडावर चढू नये, ओझे उचलू नये, दुचाकी चालवू नये, असे डॉक्टरांनी आधीच बजावले होते, आणि आमच्याकडे, रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, कलमांची बाग सांभाळणाऱ्या माणसाला असा मोकळा आठवडा वर्षातून एखादाच मिळतो. याविषयी लिहावे की नाही, यावर मी सहा महिने विचार केला. माझ्या ओळखीच्या एकाही पुरुषाने ही शस्त्रक्रिया करून घेतल्याचे मी ऐकले नव्हते. कोणी करून घेतलीही असेल, पण सांगितली नसेल. मला ज्या गोष्टी चार ठिकाणी विचारत फिरावे लागले, त्या दुसऱ्या कोणाला घरबसल्या आपल्या भाषेत वाचता याव्यात, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

आम्हांला दोन मुली आहेत. थोरली नऊ वर्षांची आणि धाकटी चार वर्षांची. धाकटीच्या वेळी पत्नीचे सिझर करावे लागले. शस्त्रक्रियागृहाबाहेर परिचारिकेने मला विचारले, "दुसरं बाळ ना? मग पोट उघडणारच आहेत, तर एकदमच ऑपरेशन करून घ्यायचं का?" पत्नीने मला आधीच सांगून ठेवले होते की, त्या दिवशी तिला बाळंतपणाखेरीज दुसरे काहीही नको. तिच्या अंगात रक्त कमी होते, शेवटचे दोन महिने तिने फार सोसले होते. मी तसे सांगितले आणि विषय तिथेच थांबला. परिचारिकेच्या विचारण्यात गैर काही नव्हते. सिझरच्या वेळीच गर्भनलिका बांधणे वैद्यकीयदृष्ट्या सोयीचे असते. पण ऑपरेशन करून घेणारी व्यक्ती कोण, हे त्या प्रश्नात धरूनच चाललेले होते, आणि मीही ते तसेच धरून चाललो होतो, हे माझ्या लक्षात यायला पुढे तीन वर्षे जावी लागली.

मधल्या काळात पत्नीने तांबी बसवून घेतली. पुष्कळ स्त्रियांना ती चांगली मानवते. हिला मानवली नाही. पाळीच्या वेळी रक्त इतके जाऊ लागले की दहा महिन्यांनी ती काढून टाकावी लागली. त्यानंतर निरोध होते, आणि निरोधाबरोबर दर महिन्याला चार-पाच दिवस तिच्या चेहऱ्यावर दिसणारी काळजीही होती. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात गावातल्या आशा स्वयंसेविका, आमच्या आशाताई, घरी आल्या आणि नेहमीच्या आस्थेने म्हणाल्या, "आता वहिनींचं ऑपरेशन एकदा करून टाका." त्या गेल्यावर पडवीत रातांबे फोडता फोडता पत्नीने मला विचारले, "अहो, पुरुषांचं करत नाहीत का आपल्याकडे?" तिच्या स्वरात तक्रार नव्हती, टोमणाही नव्हता. तिला खरोखर माहिती हवी होती, आणि ती माझ्याकडे नव्हती. वयाची चाळिशी ओलांडलेला, महाविद्यालयात शिकलेला, बागेला कोणते औषध किती लिटर पाण्यात घालायचे हे तोंडपाठ असलेला मी स्वतःच्या शरीराच्या या भागाविषयी शाळकरी मुलापेक्षा फार अधिक जाणत नव्हतो.

मग मी विचारू लागलो. आधी गावातल्या खासगी डॉक्टरांना, मग माझ्या एका वर्गमित्राला, जो पुण्यात शल्यचिकित्सक आहे. जे समजले ते सांगतो.

पुरुषाच्या वृषणांत शुक्रजंतू तयार होतात आणि दोन्ही बाजूंच्या एकेका बारीक नळीतून वर चढतात. या नळीला शुक्रवाहिनी म्हणतात. अंडकोषाच्या कातडीखाली ती बोटाला सुतळीसारखी लागते; शोधण्यासाठी पोटात शिरावे लागत नाही. ही नळी दोन्हीकडे कापून तिची टोके बंद केली की शुक्रजंतूंचा वीर्यापर्यंतचा मार्ग संपतो. वीर्य मात्र पूर्वीसारखेच येते, कारण त्यातला फार मोठा भाग वर, मूत्राशयाजवळच्या ग्रंथींमध्ये तयार होतो आणि शुक्रजंतूंचा वाटा त्यात शंभरात जेमतेम दोन ते पाच भागांचा असतो. वृषणांत शुक्रजंतू पुढेही तयार होत राहतात. शरीर ते जिरवून टाकते. पुरुषपणा ज्याला म्हणतो तो दाढी-मिशांपासून इच्छेपर्यंतचा सारा कारभार टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकावर चालतो, आणि हे संप्रेरक वृषणांतून थेट रक्तात मिसळते. त्याचा या नळीशी काही संबंध नाही.

स्त्रीच्या शस्त्रक्रियेत याच कामासाठी पोटाची भिंत भेदून आत जावे लागते. दुर्बिणीतून केली तरी पोटात वायू भरावा लागतो, भूल अधिक द्यावी लागते, आणि आसपास आतडी व मोठ्या रक्तवाहिन्या असतात. ती शस्त्रक्रिया धोकादायक आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. देशात लक्षावधी स्त्रियांनी ती सुखरूप करून घेतली आहे. पण एकाच घरातल्या दोन माणसांपैकी एकाचे काम कातडीखालच्या चिमूटभर जागेत होत असेल आणि दुसरीचे पोटाच्या आत जाऊन करावे लागत असेल, आणि त्या दुसरीचे पोट आधीच एकदा चिरलेले असेल, तर कोणी पुढे व्हायचे हे ठरवायला फार विचार लागू नये. मला लागला, ही गोष्ट वेगळी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ या वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांच्या बाबतीत स्त्री-नसबंदी झालेली आढळली आणि ०.३ टक्क्यांच्या बाबतीत पतीची. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा दशांशचिन्ह चुकले असावे असे मला वाटले होते.

आता भीतीविषयी, कारण खरी अडचण शस्त्रक्रियेची नसून भीतीची आहे, आणि ती मलाही होती. या भीतीचे एक मूळ या शब्दातच आहे असे मला वाटते. 'नस' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रक्ताची शीर येते, नाहीतर संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू येतो. 'नस कापली' असे ऐकणाऱ्या माणसाला वाटणार की रक्त जाण्याचे बंद झाले किंवा जाणीव गेली. प्रत्यक्षात कापली जाते ती ना शीर, ना मज्जातंतू. ती फक्त एक वाहिनी असते. हा शब्द ज्याने प्रथम रूढ केला त्याचा हेतू वाईट नसेल, पण 'शुक्रवाहिनी बंद करणे' असा काही शब्द तेव्हाच रुळला असता, तर वाडीवाडीत पसरलेले निम्मे गैरसमज उगवलेच नसते, असे मी मानतो.

दुसरे मूळ गोठ्यात आहे. शहरातल्या वाचकांना हे कदाचित जाणवणार नाही, पण आमच्या लहानपणी प्रत्येक वाडीत नांगराला बैल होते आणि खोंड वयात आला की त्याला खच्ची करून घेतले जाई. खच्ची केलेला बैल शांत होतो, गाईकडे पाहत नाही, हे सगळ्यांनी पाहिलेले आहे. त्यामुळे 'पुरुषाचे ऑपरेशन' म्हटले की शेतकऱ्याच्या मनात नकळत तोच बैल उभा राहतो. माझ्या एका चुलत काकांनी मला स्पष्टच विचारले होते, "म्हणजे बैलासारखंच ना रे?" या प्रश्नाला हसून उत्तर देऊ नये, नीट उत्तर द्यावे. बैलाला खच्ची करताना चिमट्याने जी दोरी चेचतात, तिच्यातील रक्तवाहिन्याच चेचल्या जातात, वृषणाला रक्त मिळेनासे होते, ते वाळते, आणि संप्रेरक तयार होणे थांबते. नसबंदीत रक्तवाहिन्यांना हातही लावत नाहीत. वृषण जिथल्या तिथे, जिवंत आणि काम करणारे राहतात. काकांना हे मी अंगणात काडीने आकृती काढून समजावले. ते बराच वेळ त्या आकृतीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मग असं कोणी आधी का सांगितलं नाही?"

अशक्तपणाच्या भीतीविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्नातील ऑयगेन श्टाइनाख या शरीरशास्त्रज्ञाचे असे म्हणणे होते की शुक्रवाहिनी बांधल्याने पुरुषाला तारुण्य परत मिळते. त्याच्या शब्दावर युरोपातल्या कित्येक वयस्क पुरुषांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली. मानसशास्त्रज्ञ सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२३ साली आणि कवी विल्यम बटलर येट्स यांनी १९३४ साली. तो दावा पुढे टिकला नाही. शक्ती वाढतही नाही आणि कमीही होत नाही. पण एकच शस्त्रक्रिया व्हिएन्नात तारुण्य देणारी ठरावी आणि आमच्या वाडीत ते हिरावणारी, यावरून या बाबतीत शरीरापेक्षा ऐकीव गोष्टींचे बळ किती मोठे असते, ते कळते.

तिसरे मूळ अधिक खोल आहे आणि त्याला कोणाचे अज्ञान जबाबदार नाही. आमच्या शेजारच्या वाडीत एक निवृत्त प्राथमिक शिक्षक राहतात. वय ऐंशीच्या पुढे. आणीबाणीच्या काळात शिक्षकांना, तलाठ्यांना, ग्रामसेवकांना नसबंदीच्या 'केसेस' आणण्याचे उद्दिष्ट दिले जाई आणि ते पूर्ण न झाल्यास पगार अडकेल की काय, अशी धास्ती असे, असे ते सांगतात. "माणसांना 'केस' म्हणायचो आम्ही," हे वाक्य ते आजही खाली मान घालून बोलतात. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८३ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांवरच्या होत्या. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूरही केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. ज्या पिढीने हे पाहिले, तिने 'नसबंदी' हा शब्द मुलांसमोर उच्चारणे बंद केले आणि भीती मात्र न उच्चारताच पुढच्या पिढीला दिली. १९७७ नंतर सरकारने कार्यक्रमाचे नाव बदलून 'कुटुंब कल्याण' केले. पुरुषांना हात लावायचा नाही असे कोणी कुठे लिहिले नसेल, पण यंत्रणा स्त्रियांकडे वळली आणि तिथेच राहिली.

त्याआधीची स्थिती अगदी वेगळी होती, हे मला या निमित्ताने कळले. भारताने १९५२ साली सरकारी पातळीवर कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम सुरू केला आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे पुरुष नसबंदी हाच त्यातला मोठा भाग होता. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत रेल्वे स्थानकांवरही पुरुष नसबंदीची केंद्रे उघडली होती. गिरणीतून सुटून घरी निघालेल्या कोकणातल्या चाकरमान्यांनी त्या केंद्रांच्या पाट्या रोज पाहिल्या असतील. त्याच्याही कितीतरी आधी, १९२१ साली, मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू करणारे रघुनाथ धोंडो कर्वे हे आमच्याच जिल्ह्यातल्या मुरुडच्या घराण्यातले. त्यांना या कामापायी नोकरी सोडावी लागली, 'समाजस्वास्थ्य' मासिकासाठी खटले सोसावे लागले, तरी १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, त्यांनी ते चालवले. ज्या मातीत असा माणूस निपजला, तिथे शंभर वर्षांनंतर मला माझ्या चुलत भावाशीही याविषयी बोलायला संकोच वाटावा, याचे मला वाईट वाटले.

आईला सांगणे सर्वांत कठीण होते. माझ्या अपेक्षेप्रमाणे ती आधी घाबरली. "अरे, तुला झाडावर चढायचं असतं, ओझी उचलायची असतात. आणि दोघी मुलीच आहेत." हे शेवटचे वाक्य ती सुनेसमोर बोलली नाही, मला एकट्याला गाठून बोलली. मी तिला म्हटले की मुलींविषयीचा आमचा निर्णय झालेला आहे आणि तो बदलणार नाही. ती गप्प झाली. दोन दिवसांनी, संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाल्यावर, तिने आपण होऊन मला तिच्या शस्त्रक्रियेची हकिगत सांगितली, जी मी त्याआधी कधीही ऐकली नव्हती.

धाकटा भाऊ दीड वर्षाचा असताना शाळेत शिबिर लागले होते. वडील तेव्हा मुंबईला. ते गणपतीला आणि शिमग्याला तेवढे येत. वाडीतल्या पाच जणी मिळून चालत गेल्या. वर्गातली बाके बाहेर काढून जमिनीवर सतरंज्या घातलेल्या होत्या आणि शस्त्रक्रिया झाल्यावर बायकांना तिथे ओळीने निजवले होते. आईला रात्रभर उलट्या झाल्या. तिसऱ्या दिवशी ती घरी आली आणि पंधराव्या दिवशी विहिरीवरून हंडा आणू लागली, कारण आणणारे दुसरे कोणी नव्हते. "पुढे वर्षभर लावणीला वाकलं की इथे ओढ लागायची," असे म्हणून तिने पदरावरूनच बेंबीखाली हात ठेवला. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. आई पंधरा दिवस मला उचलून घेत नव्हती, एवढेच मला अंधूक आठवते. मला राग आला होता तिचा.

शिबिरांत पुढे याहून फार वाईट घडले आहे. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ नोव्हेंबर २०१४ मध्ये एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी तेरा जणी दगावल्या. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. आईची हकिगत ऐकल्यावर मी ती बातमी पुन्हा शोधून वाचली. हकिगत सांगून झाल्यावर आईने पुन्हा कधी हरकत घेतली नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी तिने मला पेज वाढली आणि देवाला नारळ ठेवला.

शस्त्रक्रियेसाठी जागा मिळवताना थोडा त्रास झाला. पहिल्यांदा ज्या ठिकाणी गेलो, तिथल्या कर्मचाऱ्याने माझे बोलणे अर्धे ऐकूनच सांगितले, "मिसेसना घेऊन या, त्यांचं करून देऊ." मी पुन्हा सांगितले की माझे करायचे आहे. त्यावर त्याने शेजारच्या माणसाकडे पाहून जे स्मित केले, ते मला लागले. माझ्या जागी एखादा भित्रा किंवा घाईतला माणूस असता, तर तो तिथूनच परत फिरला असता, आणि मग 'पुरुष पुढे येत नाहीत' असे त्याच्या नावावर लिहिले गेले असते. बिनटाक्याच्या पद्धतीचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर सगळीकडे नसतात. दुसऱ्या एका सरकारी रुग्णालयात ते ठरावीक दिवशी असतात असे कळले, आणि तिथे मात्र मला अतिशय चांगली वागणूक मिळाली. दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर या काळात पुरुष नसबंदी पंधरवडा पाळला जातो. त्या दिवसांत चौकशी केल्यास सोय लवकर होते.

सरकारी नियम थोडक्यात असे आहेत : पुरुष विवाहित आणि साठ वर्षांच्या आतला असावा, किमान एक मूल असावे व ते एक वर्षाहून मोठे असावे, आणि पती-पत्नींपैकी कोणाचीही आधी नसबंदी झालेली नसावी. जोडीदाराची लेखी संमती लागत नाही. शस्त्रक्रियेचे पैसे पडत नाहीत. उलट बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कम मिळते. पत्नीची सही लागत नसली तरी मी तिला बरोबर नेले होते, आणि समुपदेशनाच्या वेळी तिने विचारलेले प्रश्न माझ्या प्रश्नांपेक्षा चांगले होते.

बिनटाक्याची ही पद्धत चीनमधील सिचुआन प्रांतातले डॉक्टर ली शुनच्यांग यांनी १९७४ साली विकसित केली. जुन्या पद्धतीत सुरीने दोन चिरा घेऊन टाके घालावे लागत; हिच्यात टोकदार चिमट्याने कातडीला एक बारीक छिद्र पाडून, त्यातूनच दोन्ही वाहिन्या एकेक करून बाहेर काढतात, थोडा तुकडा कापतात, टोके बांधतात आणि आत सोडतात. मला आधी रक्त-लघवी तपासणी करावी लागली. टेबलावर निजवल्यावर जागा बधिर करणारे लिग्नोकेनचे इंजेक्शन दिले, ते मात्र चांगलेच झोंबले. त्यानंतर दुखले नाही; वाहिनी ओढली जात असताना ओटीपोटात खोल कुठेतरी ओढ लागल्यासारखी वाटली आणि क्षणभर मळमळले. डॉक्टर सबंध वेळ माझ्याशी हापूसच्या मोहोराविषयी बोलत होते. वीस मिनिटांत सर्व झाले. छिद्रावर छोटी पट्टी लावली, घट्ट लंगोट बांधायला सांगितला, अर्धा तास पडून राहिलो आणि स्वतःच्या पायांनी बाहेर आलो.

घरी मी शेजाऱ्यांच्या चारचाकीतून आलो. एक सूचना इथे आवर्जून करतो : मोटारसायकलने परतण्याचा विचार कोणी करू नये. आमच्या रस्त्यांवरचे खड्डे गाडीतही जाणवत होते. पहिले दोन दिवस माजघरात पडून होतो. मुलींना 'बाबांना बरं नाही' एवढेच सांगितले होते. थोरलीने फडक्यात बर्फ गुंडाळून आणून दिला, काय झाले ते न विचारता. तिसऱ्या दिवशी अंडकोषाच्या एका बाजूला निळसर डाग आणि थोडी सूज दिसली, तेव्हा मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. सूज वाढत नसेल, ताप नसेल, तर काळजी नको, असे ते म्हणाले. आठवड्यात डाग पिवळा पडून गेला. दहाव्या दिवशी मी फवारणीचा पंप पाठीवर घेतला.

सर्वांचे इतके सरळ होईल असे मी म्हणणार नाही. शंभरात एक-दोघांना आत रक्त साकळून मोठी सूज येते किंवा जंतुसंसर्ग होतो आणि त्यावर उपचार करावे लागतात. तितक्याच थोड्या जणांना तिथे दुखरेपणा महिनोन्महिने राहतो. डॉक्टरांनी हे मला लपवून न ठेवता सांगितले आणि म्हणूनच त्यांच्यावर माझा विश्वास बसला. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगांपासून, एचआयव्हीपासून, या शस्त्रक्रियेने कोणतेही संरक्षण मिळत नाही. आणि ही कायमची गोष्ट आहे. वाहिन्या पुन्हा जोडण्याची सूक्ष्म शस्त्रक्रिया असते, पण ती खर्चिक असते, यशाची खात्री नसते आणि जितकी वर्षे उलटतील तितकी आशा कमी होते. ज्याच्या मनात 'पुढे पाहू' असा विचार थोडासुद्धा असेल, त्याने ही वाट धरू नये. त्याच्यासाठी इतर साधने आहेत.

सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षिली जाणारी गोष्ट पुढे आहे. शस्त्रक्रिया झाली त्या दिवसापासून गर्भधारणेचा धोका टळत नाही. वाडीत पोफळींना पन्हळीने पाणी आणतात. वर झऱ्यापाशी पाणी तोडले, तरी पन्हळीत आधी शिरलेले पाणी खाली पडत राहते. तसेच, कापलेल्या जागेच्या पुढच्या भागात आधीच पोहोचलेले शुक्रजंतू निघून जायला वेळ लागतो. त्यासाठी तीन महिने निरोध वापरायचा असतो आणि त्यानंतर वीर्यतपासणी करून शुक्रजंतू नाहीत याची खात्री करायची असते. ही खात्री झाल्यावर शस्त्रक्रिया अयशस्वी होण्याची शक्यता सुमारे दोन हजारांत एक एवढीच उरते. पण पुष्कळ पुरुष तपासणीला जातच नाहीत, पत्नीला दिवस जातात, आणि मग जे घडते ते लिहिताना माझा हात थांबतो. त्या स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवले जाते. पुरुषाच्या एका न केलेल्या तपासणीची शिक्षा बाईला भोगावी लागावी, यासारखा अन्याय नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येक पुरुषाला माझी हात जोडून विनंती आहे की त्याने तपासणी चुकवू नये.

आमच्याकडे यात एक व्यावहारिक अडचण आहे. नमुना दिल्यापासून सुमारे तासाभरात तो प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो, आणि आमच्या गावातून एसटीला तालुक्यापर्यंत सव्वा तास लागतो. त्यामुळे नमुना तिथे जाऊनच द्यावा लागतो. फेब्रुवारीच्या शेवटी मी गेलो. प्रयोगशाळेतल्या तरुण मुलीने कोणताही संकोच न दाखवता डबी हाती दिली, त्यावर नाव व वेळ लिहिली आणि खोली दाखवली. तिच्या त्या साध्या वागण्याने माझ्यावरचा भार उतरला. दुपारी अहवाल मिळाला : शुक्रजंतू आढळले नाहीत. बसस्थानकावरून मी पत्नीला फोन करून तेवढेच वाक्य वाचून दाखवले. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "येताना मुलींना काहीतरी घेऊन या."

गेल्या तीन-चार महिन्यांत ती महिन्याचे दिवस मोजत नाही. कॅलेंडरवर पूर्वी ती पेन्सिलीने जे बारीक ठिपके काढत असे, ते मार्चपासून नाहीत. हे तिने मला सांगितले नाही. दुधाचा हिशेब पाहताना माझ्या लक्षात आले.

शिमग्याला पालखी घरी आली, त्या रात्री नालासोपाऱ्याहून आलेला माझा आतेभाऊ आणि मी उशिरापर्यंत अंगणात बसलो होतो. त्याला दोन मुलगे आहेत. पत्नीला रक्तदाबाचा आणि दम्याचा त्रास आहे, त्यामुळे तिला भूल देताना अधिक जपावे लागेल असे डॉक्टरांनी सांगितले आहे, आणि तरीही घरात तिच्याच शस्त्रक्रियेचे चालले होते. मी त्याला माझे सांगितले. तो चकित झाला, मग त्याने एकामागून एक प्रश्न विचारले : किती दिवस सुट्टी काढावी लागेल, लोकलच्या गर्दीत उभे राहता येईल का, पूर्वीसारखे सर्व राहते का. मी जे अनुभवले ते सांगितले आणि जे वैद्यकीय होते त्यासाठी डॉक्टरांना विचार म्हटले. मे महिन्यात तो आंबे न्यायला आला, तेव्हा पेट्या भरता भरता त्याने मला बाजूला घेतले आणि सांगितले की मुंबईतल्या सरकारी रुग्णालयात तो जाऊन आला आहे, पावसाळ्यानंतरची तारीख मिळाली आहे. पत्नीला सांगितले आहे, आत्याला अजून सांगायचे आहे. आत्याला मी सांगेन, असे मी त्याला म्हटले आहे.